आठ लिटरच्या पुढे

“बारा,” वहिनी म्हणाल्या. “लिटरला बारा किलोमीटर. तेवढे आले तर गाडी राहील, नाहीतर हिला रामराम. माझं ठरलंय.”

त्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या आणि बोलत होत्या गाडीकडे बघून. निळी, लांब नाकाची, दोन दारांची, मागे फळीएवढा पंख लावलेली ती गाडी जॅकवर चढवलेली होती. तिच्या पलीकडे त्यांचे यजमान घड्याळजी उभे होते. घरून तक्रार आलेल्या पोराला वर्गाबाहेर उभे करावे तसे ते उभे होते आणि रुमालाने गाडीचा आरसा पुसत होते. आरसा आधीच स्वच्छ होता.

“आत्ता किती देते?” जेटने विचारले. त्याला उत्तर माहीत होते.

“साडेसहा,” घड्याळजी म्हणाले.

“ते पण उतारावर,” वहिनी म्हणाल्या.

जेट हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. गाड्यांना कार्ब्युरेटर असायचे त्या काळात, इंजिनात पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी जेट तो नुसत्या आवाजावरून निवडायचा, म्हणून लोक त्याला जेट म्हणू लागले. पुढे कार्ब्युरेटर गेले, गाड्यांत संगणक आले, जेट तेही शिकला, पण नाव चिकटले ते चिकटलेच. गाडी पळवायची असेल तर जेटकडे जा, असे सगळे म्हणत. गाडीची भूक कमी करायची असेल तर कोणाकडे जायचे, हे आजवर कोणी त्याला विचारले नव्हते.

घड्याळजींचे बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून सगळा जन्म गेलेला. या माणसाने आयुष्यात एकच चैन केली, ती म्हणजे ही गाडी. मागून ठोकलेली, भंगारात निघालेली गाडी त्यांनी उचलली आणि जेटच्या दारात आणून टाकली. मग कित्येक वर्षे, मिळेल त्या सुट्टीला, दोघांनी मिळून ती उभी केली. इंजेक्टरची तोंडे घड्याळजींनी स्वतःच्या नाजूक ब्रशांनी साफ केली. जेटने टर्बो बसवला आणि किती पेट्रोल कधी सोडायचे याचे सगळे गणित संगणकात आपल्या हाताने भरले. जेटच्या हातून झालेले सगळ्यात चांगले काम तेच. तो तसे बोलून दाखवत नसे, पण नवे गिऱ्हाईक येणार असले की ती गाडी नेमकी दर्शनी बाजूला उभी असायची.

वहिनींनी इतकी वर्षे चकार शब्द काढला नव्हता. पण आता लोक वेळ फोनमध्ये बघत होते, दुकानात माशा मारायची पाळी आली होती, आणि गाडी मात्र पूर्वीसारखीच ढसाढसा पीत होती.

“वहिनी,” जेट हात पुसत म्हणाला, “बारा म्हणजे बारा. नाही आले ना, तर ह्या हातात परत पाना धरणार नाही.”

असे वचन कोणी मागितले नव्हते. पण जेटची जीभ नेहमीच त्याच्या हातापुढे चालायची.

“बघा हं भावजी,” वहिनी म्हणाल्या. “पान्याशिवाय तुम्हाला घास गिळायचा नाही.”

घड्याळजी हसले. जाता जाता त्यांनी जेटचे मनगट धरून त्याचे घड्याळ कानाला लावले. हे त्यांचे नेहमीचेच होते. ते घड्याळ जेटच्या वडिलांचे, चावीचे. “साफ करायला झालंय,” ते म्हणाले. “सवडीनं आणून टाक. पण मागे सांगितलं तेच सांगतो. दिवसाला थोडं मागं पडणारच. आतली तार थकलीय. यापुढे मला जमत नाही.”

“तुम्हाला जमत नाही असं काय आहे, दादा?”

“आहे की,” घड्याळजी म्हणाले. “हे घड्याळ.”

जेटने कामाला हात घातला तो मनापासून. पुढच्या एका चाकाचा ब्रेक दाबून सोडला तरी पुरता सुटत नव्हता, गाडी स्वतःलाच धरून ओढत होती. तो मोकळा केला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन कधी नीट तापत नव्हते आणि संगणक बिचारा थंडी आहे असे समजून जादा पेट्रोल ओतत होता. तो बदलला. रुंद टायर काढून कंपनीच्या मापाचे घातले, हवा बरोबर केली, चाकांची सरळ रेघ जुळवली. मागचा पंख उतरवला. पंख गेल्यावर गाडी एकदम सभ्य दिसू लागली.

मग तो संगणकाशी बसला आणि स्वतःचेच जुने गणित वाचू लागला. सगळीकडे सढळ हाताने पेट्रोल सोडलेले होते. त्यात एक सोय तर अशी होती की पाय उचलला की धुराड्यातून फटफट आवाज निघावा म्हणून मुद्दाम पेट्रोल जाळले जाई. घड्याळजींनी ती सोय मागितली नव्हती. रस्त्यावरच्या माणसाने मान वळवावी आणि ही गाडी कोणी केली म्हणून चौकशी करावी, यासाठी जेटने ती गुपचूप घातली होती. म्हणजे इतकी वर्षे जेटच्या नावाचा डंका वाजत होता आणि त्याचे पेट्रोल घड्याळजी भरत होते. ती सोय काढून टाकताना जेटला लाज वाटली. पण ती एकट्याने वाटलेली लाज होती, आणि तसली लाज चहाच्या कपाबरोबर उतरते.

सगळे झाल्यावर त्याने टाकी काठोकाठ भरली, गाडी फिरवून आणली, परत काठोकाठ भरली. दहा आले. दुसऱ्या रस्त्याने नेली, अंड्यावर पाय ठेवावा तशी चालवली. दहाच. साडेसहावरून दहा म्हणजे काही थोडेथोडके नव्हते. दुसऱ्या कोणी हे करून दाखवले असते तर जेटने त्याला बोलावून चहा पाजला असता. पण वहिनींच्या पुढे उभे राहून ‘दहा’ म्हणायचे, ‘यापुढे मला जमत नाही’ म्हणायचे, या कल्पनेने त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे वाक्य तो आयुष्यात कोणाला बोलला नव्हता.

या गाडीच्या काट्यांमागे एक आकडा लपवलेला असतो. डॅशबोर्डवरची दोन बटणे एकदम दाबून धरली की तो दिसतो. शंभर म्हणजे जळालेले पेट्रोल जेवढे मोजले तेवढेच धरायचे, ऐंशी म्हणजे शंभर थेंबांचे ऐंशीच धरायचे. काट्यावरचा ॲव्हरेज आणि पंपावरचा हिशेब जुळत नसेल, तर हा आकडा थोडा इकडेतिकडे करून काटा खऱ्यावर आणायचा, त्यासाठीच तो ठेवलेला. जेटने आजवर कितीतरी गाड्यांचे काटे असे खऱ्यावर आणून दिले होते. त्या दुपारी त्याने शंभराचे ऐंशी केले. बटणे सोडली. काट्याच्या खाली साडेबारा उमटले.

एवढेच. हाताला साधे ग्रीससुद्धा लागले नाही.

गाडी न्यायला दोघेही आले. जेटने त्यांना एक फेरी मारून आणले आणि वहिनींनी चष्मा वर करून, खाली करून तो आकडा वाचला.

“मानलं भावजी,” त्या म्हणाल्या. “मी हरले. आता मी हिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.”

“एकदा पंपावर भरून ताडून बघायचं का?” घड्याळजींनी सहज विचारले.

“पंपाचं काय दादा, एक आधी थांबतो, एक नंतर थांबतो. हा इंजिनात पडणारा थेंब न् थेंब मोजतो.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. घड्याळजींनी मान डोलावली. “तू म्हणतोस म्हणजे झालं,” ते म्हणाले. जेट किल्ली त्यांच्या हातात ठेवून घाईने आत वळला. पण वहिनींनी डब्यातून आणलेला केक पुढे केला आणि त्याने तो खाल्ला.

प्रकरण इथेच संपले असते, तर जेट ते केव्हाच विसरून गेला असता. पण घड्याळजी सुधारत गेले. त्यांना वाटले, जेटने त्याचे काम केले, आता आपण आपले करायचे. ते पाय हलका ठेवायला शिकले. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलायचे. काटा साडेबारावर राहिला की घरी येऊन सांगायचे, पावणेतेरा झाला की गॅरेजवर येऊन सांगायचे. वहिनीही शेजारी बसू लागल्या. दोघे संध्याकाळी तळ्यापर्यंत जाऊन येऊ लागले. इतक्या वर्षांत त्या गाडीत त्या कितीदा बसल्या असतील, बोटावर मोजता आले असते.

“काय सांगू तुला,” घड्याळजी एकदा जेटला म्हणाले, “माझ्या पायाला आता कळतं. काटा न बघता सांगतो मी, किती चाललाय ते. या वयात नवीन काही जमेल असं वाटलं नव्हतं.”

जेट इंजिनात डोके घालून होता. त्याने ते तसेच घालून ठेवले.

मग एक दिवस घड्याळजी आले ते अगदी नव्या नवऱ्यासारखे उजळलेले. मोटार क्लबची काटकसरीची फेरी होती, तिच्यात त्यांनी नाव दिले होते. ही फेरी दरसाल होते आणि तिची गंमत अशी की तीत कमी पेट्रोल जाळणारा जिंकत नाही. निघण्याआधी आपली गाडी लिटरला किती देईल ते प्रत्येकाने जाहीर करायचे. टाक्या गळ्यापर्यंत भरून झाकणांना सील लावायचे. शंभर किलोमीटर जाऊन यायचे आणि परत गळ्यापर्यंत भरायचे. ज्याचा बोललेला आकडा खऱ्याच्या सगळ्यात जवळ, तो पहिला. आणि ज्याने सगळ्यात जास्त फुगवून सांगितले, त्याच्या गाडीला एक मोठा लाल फुगा बांधायचा. परतीचे भरण्याचे काम दरवर्षी जेटकडे असे, कारण त्याच्या हाताबद्दल कोणाला शंका नव्हती.

“तिथं सगळ्या छोट्या गाड्या असतात, दादा,” जेट म्हणाला. “तुमची तिथं शोभायची नाही.”

“शोभायचा प्रश्न कुठंय? आकडा तर सांगायचाय. तो आपल्याला पाठ आहे.”

“मग अकरा सांगा. थोडं हातचं ठेवून.”

घड्याळजींनी त्याच्याकडे नवलाने पाहिले. “घड्याळात साडेबारा वाजलेत तर मी अकरा का सांगू?”

जेटला तेव्हा बोलता आले असते. गॅरेजमध्ये दुसरे कोणी नव्हते, कॉम्प्रेसरही बंद होता. त्याने तोंड उघडलेदेखील. पण बाहेर आले ते भलतेच. “टायरमधली हवा बघून घ्या,” तो म्हणाला.

फेरीच्या दिवशी पंपावर ही गर्दी. क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते आणि त्यांच्या हातात भोंगा होता. दवाखान्यात माणसांची तोंडे उघडी असतात पण उत्तर देता येत नाही, त्यामुळे त्यांना बोलायची चांगलीच सवय होती. गाड्या एकेक करून परत येत होत्या. जेट सील तोडायचा, नळी लावायचा, सावकाश गळ्यापर्यंत भरायचा, आणि डॉक्टर आकडा ओरडून सांगायचे. अठरा बोलले, साडेसतरा आले. वीस बोलले, वीस आले, टाळ्या. त्या एका पंपावरून सगळ्यांचे आकडे असे जवळजवळ जुळत होते, आणि प्रत्येक गाडीगणिक जेटचा एकेक बहाणा कमी होत होता.

निळी गाडी आली ती सगळ्यांच्या शेवटी.

“सायकलवाला पुढं गेला आमच्या!” वहिनी खिडकीतून म्हणाल्या. “मी म्हटलं, उतरून चालू का?”

घड्याळजी उतरले. कपडे इस्त्रीचे, चेहरा घामेजलेला आणि सुखी. काट्यावर नेमके साडेबारा दिसत होते. “हळूहळू भर,” ते जेटला म्हणाले आणि शेजारी येऊन उभे राहिले.

शंभर किलोमीटर, साडेबारा बोललेले. म्हणजे आठ लिटर. आठला टाकी भरली पाहिजे. जेटने नळी लावली. पाच झाले, सहा झाले, सात. आठच्या थोडे पुढे गेल्यावर नळी आपोआप कट्कन थांबली.

पेट्रोलला फेस आला की नळी अशी आधी थांबते. मग जरा दम खाऊन परत भरायचे असते. आज सकाळपासून त्याने प्रत्येक गाडीला तेच केले होते. आता त्याने नळी बाहेर काढली.

“झालं?” डॉक्टरांनी भोंगा वर नेला.

“झालं,” जेट म्हणाला.

“थांब थांब,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी खिशातून दुकानातली छोटी बॅटरी काढली आणि टाकीच्या तोंडात डोकावले. “अजून बसेल रे. सकाळी गळ्यातल्या त्या कडेपर्यंत होतं, मी बघून ठेवलंय. आत्ता खाली आहे.”

“राहू दे हो,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याच फायद्याचं आहे.”

“छे, छे. सगळ्यांना गळ्यापर्यंत, मग मला का नाही?” आणि ते जेटला आपलेपणाने म्हणाले, “भर तू. घाबरू नको, थोडंच जाईल.”

जेटने नळी परत आत घातली. साडेआठ. नऊ. घड्याळजी बॅटरी धरून वाकले होते, त्यांचे डोके जेटच्या खांद्याला लागत होते. नऊच्या पुढे त्यांचा श्वास बदलला. पेट्रोल त्या कडेला टेकले तेव्हा पंपावर दहा उमटले होते.

“गळत तर नाही ना कुठं?” घड्याळजींनी अगदी हळू विचारले.

“नाही, दादा.”

“मग?”

पंपाचेच काहीतरी असेल, हे वाक्य जेटच्या ओठांपर्यंत आले. ते त्याने गिळले, पण त्याच्या जागी तो दुसरे काही बोलला नाही. घड्याळजींनी बॅटरी बंद केली, खिशात ठेवली, आणि मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझाच पाय जड पडला आज.”

“अहो, काहीतरीच काय!” वहिनी म्हणाल्या. “मी शेजारी होते ना.”

“तुला नाही कळायचं ते,” घड्याळजी म्हणाले. त्या आवाजात त्यांना बोलताना जेटने कधी ऐकले नव्हते.

लाल फुगा आला. डॉक्टरांनी तो स्वतः आरशाला बांधला आणि भोंगा तोंडाला लावला. “काय घड्याळजी, दुकानातली घड्याळंपण अशीच पुढं पळतात का?”

हशा पिकला. दात काढून हसले सगळे. आणि त्या सगळ्यांत जेटही हसला. त्याला हसायचे नव्हते. पण चारचौघांत हसू फुटले की तोंड आपले आपण जुळवून घेते, तसे त्याचे तोंड जुळले, आणि नेमके तेव्हाच घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते. ते त्याच्याकडे माफी मागितल्यासारखे पाहत होते, तू एवढी मेहनत केलीस आणि मी ती मातीत घातली, असे. जेटने खाली बघून नळी हुकाला अडकवली. ती लागेना. ज्या हाताबद्दल कोणाला शंका नव्हती, त्या हाताला साधा हुक सापडेना.

त्यानंतर घड्याळजी गॅरेजवर आले नाहीत. जेट रोज त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा आणि ते आले नाहीत की सुटल्यासारखा श्वास सोडायचा, आणि त्या सुटकेचीच त्याला जास्त शरम वाटायची. घरी बायको म्हणाली, “तब्येत बरी नाही का? कोणावर खेकसत नाही आहात.” शेवटी एका दुपारी, फेरीच्या आधी साफ करायला टाकलेले मनगटावरचे घड्याळ दुकानात पडून आहे, ते आणायचे निमित्त काढून तो बाजारात गेला.

दुकानात एक बाई उभ्या होत्या, हातात टेबलावरचे जुने गजराचे घड्याळ. घड्याळजी ते त्यांना परत करत होते.

“दुसऱ्या कोणाला दाखवा,” ते म्हणत होते.

“अहो, पण नेहमी तुम्हीच करता ना?”

“करत होतो. आता नजर, हात, काही सांगता येत नाही. उगाच चुकीची वेळ लावून द्यायचो.”

बाई घड्याळ पिशवीत घालून निघून गेल्या. दुकानातल्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी जेटकडे पाहिले, बघा तुम्हीच, अशा नजरेने. कामाच्या टेबलावरचा दिवा बंद होता आणि त्याच्या दांडीला तो लाल फुगा बांधलेला होता. त्याच्यातली हवा कमी होऊन त्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

“हा इथं कशाला?” जेटने विचारले.

“मिळालेलं बक्षीस आहे,” घड्याळजी म्हणाले. “लपवायचं कशाला?”

“रोज हेच चाललंय,” वहिनी म्हणाल्या. “येईल त्याला वाटेला लावतात. म्हणे, ज्याला स्वतःचा पाय कळत नाही, त्यानं लोकांची घड्याळं उघडू नयेत. एवढासा फुगा, भावजी, आणि एवढा मोठा माणूस बसला की खाली. तुम्ही तरी सांगा.”

जेटने सांगितले. उभ्यानेच, काउंटरला धरून. बोलायला सुरुवात कुठून करावी ते त्याने वाटभर जुळवले होते, त्यातले एकही वाक्य कामाला आले नाही. काट्यामागे आकडा असतो तो मी बदलला, एवढे तो म्हणाला. मग म्हणाला, बारा आलेच नव्हते. मग म्हणाला, तुम्ही कुठेच चुकला नाहीत, मी चुकलो, मी हसलोसुद्धा.

घड्याळजींनी स्टूल त्याच्याकडे वळवले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “माझा पाय बरोबर होता?”

“बरोबर होता, दादा. इतकी हलकी तर मलासुद्धा चालवता येत नाही.”

घड्याळजी उठले. “त्या बाई कोपऱ्याच्या पुढं गेल्या नसतील,” ते वहिनींना म्हणाले. “जरा हाक मार.”

वहिनी लगबगीने बाहेर गेल्या. त्या घड्याळाची पिशवी घेऊनच परत आल्या आणि ती टेबलावर ठेवताना जेटकडे न बघता म्हणाल्या, “खरे किती येतात?”

“दहा.”

“दहा,” वहिनी म्हणाल्या. “बारा मी उगाच म्हटलं होतं. भाजीवाल्याशी बोलताना आपण म्हणतो तसं. आठला थांबले असते मी.” त्यांनी एक मोठा श्वास घेतला. “तुम्ही दहा म्हटलं असतंत ना, तर मी तुमच्यासाठी दोन केक केले असते.”

जेटने हात पुढे करून गाडीची किल्ली मागितली.

गाडी दुकानामागच्या गल्लीत उभी होती. घड्याळजी शेजारच्या सीटवर बसले, जेट स्टिअरिंगपाशी. त्याने दोन बटणे दाबून धरली. घड्याळजींनी डोळ्याचे भिंग काढले नव्हते, ते तसेच कपाळावर होते.

“कितीचं होतं आधी?”

“शंभर.”

“शंभर कर.”

ऐंशीचे शंभर झाले. साडेबारा गेले, तिथे दहा आले. घड्याळजी त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाले, “चांगलाच आकडा आहे.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. जेट शिवी ऐकायला तयार बसला होता, आणि ती आलीच नाही.

दुकानात परत आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि खणातून जेटचे घड्याळ काढले. कानाला लावून ऐकले, चावी दिली, फडक्याने काच पुसली.

“फेरीच्या आधीच झालं होतं,” ते म्हणाले. “साफ केलंय. मागं पडतंच आहे.” घड्याळ त्याच्या हातात देऊन त्यांनी भिंग डोळ्यावर ओढले आणि त्या बाईंचे गजराचे घड्याळ पुढ्यात घेतले. त्याचा मागचा स्क्रू काढताना, खाली बघतच ते म्हणाले, “गाडी आता मी दुसरीकडे दाखवीन.”

“हो, दादा.”

“घड्याळ मात्र आणत जा.”

जेट दारापर्यंत गेला आणि परत फिरला. “तो फुगा,” तो म्हणाला, “तो माझा आहे.”

घड्याळजींनी मान वर केली नाही. वहिनींनी दिव्याच्या दांडीची गाठ सोडली आणि दोरा त्याच्या हातात दिला. भर बाजारातून, अर्धवट हवेचा लाल फुगा घेऊन, तेलकट कपड्यांतला एक पोक्त माणूस गॅरेजकडे चालत गेला. ओळखीच्यांनी विचारले, “काय जेट, वाढदिवस?” तो नाही म्हणाला आणि थांबला नाही. फुगा त्याने गॅरेजच्या दर्शनी बाजूला, त्या निळ्या गाडीच्या नेहमीच्या जागेवर, खिळ्याला बांधला.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक गाडी घ्यायला येऊन थांबले होते. त्याचा फोन बंद पडला होता.

“जेटभाऊ, किती वाजले हो?”

जेटने मनगट वळवून पाहिले. “सव्वासहा,” तो म्हणाला आणि कामाला लागला. मग पाना खाली ठेवून तो पुन्हा म्हणाला, “पण हे मागं पडतं. थोडे जास्तच झाले असतील.”